संगणकीय भाषांतील सोयीची क्रियाचिन्हे

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्या कृत्रिम भाषांत लिहितात, त्यांमध्ये बेरीज, वजाबाकी, तुलना इ. मूलभूत क्रियांची चिन्हे असतात. त्यांखेरीज, मुळातच शक्य असलेली एखादी जोडक्रिया थोडक्यात सांगण्यासाठी जी चिन्हे मागाहून घालण्यात आली, त्यांना सोयीची क्रियाचिन्हे म्हणता येईल. अशा चिन्हाने भाषेचे सामर्थ्य वाढत नाही. त्याने जे साधते ते पूर्वीही, लांबण लावून का होईना, साधत होतेच. असे असूनही या भाषांच्या इतिहासात काही तीव्र वाद या लहानशा चिन्हांवरूनच झालेले आढळतात.

अमरावतीजवळील वलगाव येथील रोजच्या पावसाच्या नोंदींची बेरीज करणारी एक आज्ञावली कल्पिली, तर तिच्यात ‘बेरीज = बेरीज + पाऊस’ असे एक वाक्य येईल. येथील = हे चिन्ह समतेचे नसून, उजवीकडील किंमत डावीकडील नावाखाली साठवावी, अशी ती आज्ञा आहे. हेच ‘बेरीज += पाऊस’ असेही लिहिता येते. यात चारदोन अक्षरे वाचतात हा लाभ किरकोळ होय. खरा लाभ असा, की नाव एकदाच लिहावे लागल्याने एकीकडे जुलैची आणि दुसरीकडे चुकून जूनची बेरीज लिहिली जाण्याचा संभव राहत नाही.

थोडक्यात लिहिण्याची ही ओढ संगणकाबरोबर जन्मलेली नाही. जुन्या मराठी हिशेबात अंकापुढे एक दंड काढून सव्वा (१।), दोन दंडांनी दीड (१॥) आणि तीन दंडांनी पावणेदोन (१॥।) लिहीत. बोलण्यातही ‘सव्वा’, ‘साडे’, ‘पावणे’ ही पदे पुढील संख्येवर क्रियाच करतात : साडेतीनशे म्हणजे ३५०, तर पावणेदोनशे म्हणजे १७५. मात्र दीड आणि अडीच यांना स्वतंत्र शब्द असल्याने ‘साडेएक’ किंवा ‘साडेदोन’ म्हणता येत नाही. सोयीबरोबर अपवाद येतात ते असे. पावकीपासून औटकीपर्यंतचे पाढे पाठ असले, की कापसाच्या बाजारात मण-शेरांचा हिशेब तोंडी करता येई. हे पाढे चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण अशा मापांशी जुळलेले होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी व पाठोपाठ मेट्रिक वजने प्रचारात आल्यावर पाढ्यांचे प्रयोजन ओसरले. शब्द मात्र टिकून राहिले.

संगणकीय भाषांपैकी फोर्ट्रान ही आयबीएम कंपनीत जॉन बॅकस (१९२४–२००७) यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९५७ मध्ये उपलब्ध झाली. तिच्यात घातक्रियेसाठी  हे चिन्ह होते, परंतु किंमत वाढविण्यासाठी नाव दोनदा लिहावे लागे. व्यापारी कामासाठी १९६० मध्ये आलेल्या कोबॉल भाषेने चिन्हांऐवजी ‘यात हे मिळवा’ अशा अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांना पसंती दिली. याच्या अगदी उलट टोकाला केनेथ आयव्हर्सन (१९२०–२००४) यांची एपीएल भाषा आहे. तिच्यात +/ या दोन चिन्हांत सबंध यादीची बेरीज होते. परंतु तिच्या चिन्हांसाठी टंकफलकही वेगळा लागे.

आज सर्वत्र दिसणाऱ्या चिन्हांचा उगम मुख्यतः अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉम्प्सन (१९४३– ) यांनी १९७० च्या सुमारास बी ही भाषा रचली. किंमत एकाने वाढविणारे ++ व कमी करणारे -- ही चिन्हे त्यांचीच. पीडीपी-११ या संगणकाच्या एका विशिष्ट सुविधेसाठी ती योजली गेली, हा प्रसार पावलेला समज चुकीचा आहे. बी भाषा तयार होत असताना तो संगणक उपलब्धच नव्हता. सी भाषेचे जनक डेनिस रिची (१९४१–२०११) यांनीच पुढे हे स्पष्ट केले. त्यांच्या मते पीडीपी-७ मधील, वापरताच आपोआप वाढणाऱ्या काही स्मृतिस्थानांवरून ही कल्पना सुचली असावी.

बेरीज करून साठविण्याचे संयुक्त चिन्ह अल्गॉल ६८ या भाषेवरून घेतलेले होते; पण बी भाषेत व आरंभीच्या सी भाषेत ते =+ असे उलट लिहीत. यातून एक विलक्षण घोटाळा उद्भवला. ‘शिल्लक=-१’ याचा अर्थ शिल्लक उणे एक करावी असा, की शिल्लकेतून एक वजा करावा असा? आज्ञावलीचे भाषांतर करणारा कंपायलर दुसरा अर्थ घेई. लिहिणाऱ्याने एक रिकामी जागा सोडली नाही, एवढ्याने उत्तर बदले. चिन्हांचा क्रम पुढे उलटवून += असा करण्यात आला व १९७६ च्या सुमारास ही दुरुस्ती पूर्ण झाली.

दुसरी चूक मात्र दुरुस्त झाली नाही. ‘आणि’ या अर्थाचे && हे स्वतंत्र चिन्ह सी भाषेत १९७२ च्या सुमारास आले. तोवर & या एकाच चिन्हाकडून दोन कामे करून घेत असत व त्याचा अग्रक्रम तुलनेच्या चिन्हाखाली ठेवलेला होता. नवे चिन्ह आल्यावर जुन्याचा अग्रक्रम वर नेणे सयुक्तिक ठरले असते. पण तोपर्यंत लिहिल्या गेलेल्या आज्ञावल्या बिघडू नयेत म्हणून तो तसाच ठेवण्यात आला. सी भाषेचा वापर तेव्हा अगदी थोड्या संगणकांपुरता होता. त्या मूठभर आज्ञावल्यांसाठी केलेली तडजोड पुढे सी++, जावा, जावास्क्रिप्ट अशा भाषांतही उतरली आणि तेथे आजही कंस विसरणाऱ्याला भोवते.

एकविसाव्या शतकात नव्या चिन्हांची मागणी मुख्यतः अनुपस्थित किंमतींमुळे झाली. वलगावच्या नोंदवहीत एखाद्या दिवसापुढे ० असणे आणि रकाना कोरा असणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात पाऊस पडला नाही. दुसऱ्यात तो मोजला गेला नाही. जावास्क्रिप्टमध्ये कोऱ्या जागी सरासरी घालण्यासाठी ‘किंवा’ या अर्थाच्या || चिन्हाचा वापर रूढ झाला होता. परंतु हे चिन्ह शून्यालाही अनुपस्थितच मानते. परिणामी कोरड्या दिवसाच्या जागी सरासरी पाऊस भरला जाऊन, ऐन खरिपात पडलेला पावसाचा खंड हिशेबातून नाहीसा होऊ शकतो. केवळ खरोखर अनुपस्थित किंमतीच्या जागी पर्याय देणारे ?? हे चिन्ह सी शार्प भाषेत २००५ मध्ये, तर जावास्क्रिप्टमध्ये २०२० मध्ये आले. जावास्क्रिप्टमध्ये ?? आणि || ही चिन्हे कंसांशिवाय एका पदावलीत एकत्र आणण्यास मनाई आहे. सोयीच्या चिन्हाला मुद्दाम थोडे गैरसोयीचे करण्याचा हा निर्णय सुज्ञपणाचा मानावा लागेल.

पायथन भाषेचे धोरण दीर्घकाळ संयमाचे होते. तिच्यात += हे चिन्ह २००० मध्ये आले; ++ कधीच आले नाही. किंमत साठवून तीच लगेच वापरण्यासाठी := हे चिन्ह घालण्याच्या प्रस्तावावर २०१८ मध्ये कडाक्याची चर्चा झाली. वाचताना डोळ्यांना अडखळविणारे चिन्ह भाषेत का आणावे, हा विरोधकांचा मुद्दा होता. प्रस्ताव मान्य झाला. पण वादाला कंटाळून भाषेचे जनक गीडो व्हान रॉसम (१९५६– ) त्याच वर्षी जुलैमध्ये अंतिम निर्णायकाच्या भूमिकेतून निवृत्त झाले आणि पुढील वर्षी पाच जणांचे निवडून आलेले मंडळ त्यांच्या जागी आले. चिन्ह प्रत्यक्षात २०१९ मध्ये उपलब्ध झाले.

एकदा आलेले चिन्ह काढून टाकल्याची उदाहरणे विरळा आहेत. ++ चे रूप नावापूर्वी वा नावानंतर लिहिल्यास पदावलीची किंमत वेगळी होते आणि एकाच पदावलीत ते एकाच नावाला दोनदा लावल्यास काय व्हावे, हे सी भाषेच्या प्रमाणकाने अनिश्चितच ठेवले आहे. गो भाषेने ते केवळ स्वतंत्र वाक्य म्हणून ठेवून ही अडचण टाळली. ॲपल कंपनीच्या स्विफ्ट भाषेत २०१४ पासून ++ व -- ही चिन्हे होती; ती २०१६ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत वगळण्यात आली व त्यांच्या जागी += १ लिहिण्याचा प्रघात पडला. भाषा तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती.