सुट्टीला कोणतं बेट निवडायचं? आधी तिथे कोण उतरलं ते ऐका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी, जरा नीटनेटका करून.

सुट्टीचा विषय निघाला की प्रत्येक ग्रुपवर एक पोल पडतोच. अंदमान, मालदीव की मॉरिशस? मग बजेट, व्हिसा, स्कूबा, पाणी किती निळं, यावर रात्रभर मेसेज. पण एक निकष कोणी लिहीत नाही, तरी तो सगळ्यांच्या मनात असतो: जागा लांब हवी. इतकी लांब की ऑफिसचा फोन आला तरी 'रेंज नव्हती' म्हणता आलं पाहिजे.

आज आपण पैसे मोजतो ते या लांब असण्याचे. गंमत अशी, की पूर्वीच्या राज्यकर्त्यांनाही बेटांचा हाच गुण आवडायचा. फक्त तेव्हा जाणाऱ्याला कोणी पोल देत नव्हतं.

अंदमानपासून सुरुवात करू. १८५७ चा उठाव दडपल्यावर इंग्रजांना बंदिवान ठेवायला जागा हवी होती. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर सुमारे २०० कैद्यांना घेऊन पोर्ट ब्लेअरला पोचला. तेव्हा तिथे तुरुंगाची इमारतच नव्हती. जंगलही कैद्यांनीच तोडायचं होतं. भिंतीचं काम समुद्र करणार होता. लोक त्याला काळं पाणी म्हणायचे. सेल्युलर जेलचं बांधकाम खूप नंतर, १८९६ ते १९०६ मध्ये झालं. मधल्या बुरुजापासून सात बाजूंना सात विंग. एका विंगच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या विंगची पाठ येईल अशी रचना, म्हणजे कैद्याला कैदी दिसूच नये. बेटावर माणसं एकटी पाडली होतीच, इथे त्या एकटेपणाच्याही आत आणखी एक एकटेपणा बांधला. बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू याच जेलमध्ये होते. कोलू ओढून तेल काढायचं काम इथलंच.

आणि बेट काही रिकामं नव्हतं. ग्रेट अंदमानी लोक तिथे हजारो वर्षं राहत होते. त्यांच्यासाठी हा लांबचा समुद्र संरक्षण होता. ते संरक्षण मोडलं, बाहेरचे रोग आले, आणि हजारोंच्या घरात असलेला हा समाज आज काही डझनांवर आलाय.

आता मालदीव. जवळपास १२०० बेटं, त्यातल्या २०० च्या आसपास बेटांवरच वस्ती. इथे परकी सत्ता नव्हे, तर स्थानिक सुलतानच गुन्हेगाराला किंवा नकोशा विरोधकाला दूरच्या बेटावर पाठवून द्यायचे. हद्दपारी ही तिथली जुनी, रुळलेली शिक्षा. १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे 'एक बेट, एक रिसॉर्ट' हे धोरण रुजलं. वस्ती नसलेली बेटं पाहुण्यांना आणि वस्तीची बेटं स्थानिकांना. गावातल्या बेटांवर गेस्टहाउसला परवानगी मिळाली ती थेट २००९ नंतरच्या काळात. म्हणजे कित्येक वर्षं आपण मालदीवला जाऊन मालदीवच्या माणसाच्या घराजवळही जात नव्हतो.

तिसरं मॉरिशस, आणि इथे गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. या बेटावर मुळात कोणीच राहत नव्हतं. डच आले, १७१० मध्ये सोडून गेले. फ्रेंचांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून ऊस लावला. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती आलं. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. मग ऊस कोण तोडणार? उत्तर आधीच बोटीतून आलं होतं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. ॲग्रीमेंटचं झालं गिरमिट, आणि माणसं झाली गिरमिटिये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास लोक असे आले. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि काही मुंबई बंदरातून. मुंबईहून निघालेल्यांत कोकणातली मराठी माणसं होती.

आपण तिकीट काढताना आधी परतीची तारीख बघतो ना? १८५० च्या दशकात मॉरिशसच्या मजुरांचं परतीचं फुकट तिकीट बंद झालं. करार संपलेल्या माणसालाही खिशात पास ठेवावा लागायचा. पास नसला तर भटक्या म्हणून अटक. १८७१ मध्ये ९४०१ जुन्या मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला, तेव्हा कुठे चौकशी आयोग नेमला गेला.

आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या मराठी घरांत बोलणं बरंचसं क्रिओलमध्ये होतं, पण गणपती येतोच, आणि शाळेत मराठी हा विषय म्हणून शिकता येते. ज्यांना परत येता आलं नाही, त्यांनी जे बरोबर नेलं होतं ते तिथेच पेरलं.

मग पोलमध्ये मत कशाला द्यायचं? बेटांवर जाऊच नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. समुद्र छान आहे, तो बघावा. माझं स्वतःचं मत मॉरिशसला, कारण तिथे या लादलेल्या अंतराचं माणसांनी पुढे काय केलं ते जिवंत दिसतं. पण बेट कुठलंही निवडा, एक बदल करा. अंदमानला गेलात तर सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी फ्लाइटच्या आधी उरकू नका, आधी बघा आणि मग बीचवर जा. मालदीवला एखादी रात्र लोकवस्तीच्या बेटावर काढा. मॉरिशसला पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जा. तिथे दगडाच्या १६ पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला मजूर त्या चढून डेपोत जायचा. चढायला मिनिटही लागत नाही.

तुमच्या ग्रुपचा पोल कुठे झुकतोय ते नक्की कळवा. आणि तुमच्या घरात कोणी पूर्वी बोटीने 'मिरिच'ला गेल्याची आठवण आजी-आजोबांकडे असेल, तर ती रेकॉर्ड करून ठेवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!