कोचने आणि सरांनी

रेल्वेच्या आरक्षित तिकिटावर ‘कोच’ छापलेलं असतं. दिवा जंक्शनच्या फलाटावर मात्र हा शब्द त्या अर्थाने कुणाच्या तोंडी नसतो. लोकल असो की सावंतवाडीची गाडी, तिथली माणसं ‘डबा’च म्हणतात. त्याच फलाटावरून डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या कॉलेजकडे निघालेली, पाठीवरच्या पिशवीला फुटबॉलचे बूट लटकवलेली मुलं ‘कोच’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे माणूस असतो. डब्याला आणि माणसाला एकच नाव पडलं ते योगायोगाने नव्हे.

हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे. पंधराव्या शतकात तिथल्या घोडागाड्यांचा लौकिक झाला आणि गावाचं नाव गाडीला चिकटलं. तो शब्द युरोपभर फिरत सोळाव्या शतकात इंग्रजीत पोचला. पुढे १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी खासगी शिकवणी घेणाऱ्याला ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. परीक्षेच्या पलीकडच्या काठाला नेऊन सोडतो, म्हणून तो कोच. खेळातला कोच त्यानंतरचा, १८६०च्या दशकातला. म्हणजे दिव्यात गल्लोगल्ली ज्या ‘कोचिंग क्लासेस’च्या पाट्या दिसतात, त्या मैदानापेक्षा जुन्या अर्थाशी इमान राखून आहेत. ‘ट्रेनर’चंही तेच. त्याच्या मुळाशी ओढत नेण्याची क्रिया आहे. त्याच मुळातून रेल्वेची ट्रेन निघाली आणि माणसाला तयार करणारा ट्रेनरही. इंग्रजीने शिकवणाऱ्याची कल्पना केली ती वाहतुकीतून.

अमेरिकेत हा शब्द आणखी एक पायरी चढला. तिथल्या कॉलेजांत जो फुटबॉल चालतो तो आपल्याहून वेगळा, अंडाकृती चेंडूचा. पण शब्दाची गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथे ‘कोच’ हे हुद्द्याचं नाव आहेच, शिवाय ती हाक आहे. खेळाडू प्रशिक्षकाला नुसतं ‘कोच’ म्हणून हाक मारतो आणि आडनावाआधी ती उपाधीही लावतो. लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंग स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात एडी रॉबिन्सन १९४१मध्ये प्रशिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९९७मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या संघांनी ४०८ सामने जिंकले. तिथल्या सर्वोत्तम कॉलेज प्रशिक्षकाला दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराला आज त्यांचंच नाव आहे. त्यांच्या खेळाडूंसाठी ते अखेरपर्यंत ‘कोच रॉब’ राहिले. पदाचं नाव हाकेत उतरलं की त्याची पाटी उरत नाही, नातं होतं, असं मला वाटतं. शब्दाला आदर चिकटला आहे की नाही हे तपासायचं असेल, तर तो शब्द हाक मारायला चालतो का, एवढंच पाहावं.

आपल्या ‘प्रशिक्षक’ या शब्दाला ही कसोटी लावून बघा. ‘अहो प्रशिक्षक, जरा इकडे या’ असं कुणी म्हणत नाही. हा शब्द परिपत्रकात, बातमीत आणि सत्काराच्या फलकावर राहतो. वाईट याचं वाटतं की त्याचं मूळ फार सुंदर आहे. ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ या धातूचं इच्छार्थक रूप. शक् म्हणजे समर्थ असणं, जमणं. म्हणून शिकणं म्हणजे जमावं अशी इच्छा धरणं. डाव्या पायाने क्रॉस मारायला धडपडणाऱ्या पोराचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. महाराष्ट्र शासनाने शिवछत्रपती पुरस्कारांत ‘क्रीडा मार्गदर्शक’ हा शब्द पत्करला. तोही देखणा आहे, पण तीच अडचण: मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ‘मार्गदर्शक!’ अशी आरोळी जात नाही.

जाते ती ‘सर!’ अशी. हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला आणि इतका आपला केला की त्याचं व्याकरणही बदललं. लॅटिनमधल्या ‘अधिक वयाचा’ या अर्थाच्या शब्दापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. थोडक्यात, सर म्हणजे वडीलधारा. इंग्रजीत ही उपाधी नावाच्या आधी बसते. मराठीने ती उचलून मागे नेली, जिथे राव, पंत, बुवा, मास्तर, बाई पूर्वीपासून बसत होते. आचरेकर सर म्हणताना आपण ‘सर’ नेमका त्याच पंक्तीला बसवतो. मालवणात जन्मलेले क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. त्यांना १९९०मध्ये प्रशिक्षकांचा द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१०मध्ये पद्मश्री मिळाली, पण शिवाजी पार्कवर त्यांचं नाव या दोन्हींशिवाय पुरं होतं. ‘सर’ वगळलं तर अपुरं वाटतं.

याहून मोठा पुरावा विभक्तीत आहे. बदली खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या दोन मुलांचं बोलणं ऐका. एक म्हणतो, ‘कोचने मला बसवलं.’ दुसरा म्हणतो, ‘सरांनी मला बसवलं.’ घडलं ते एकच, पण पहिल्या वाक्यात तक्रार आहे आणि दुसऱ्यात निर्णय मान्य केल्याची खूण आहे. मराठी आदरासाठी अनेकवचन वापरते: सर आले, सरांना विचारतो, सरांचा फोन होता. ‘सरने सांगितलं’ हे आपल्या कानाला उद्धट लागतं. उलट ‘कोचांनी सांगितलं’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, किती कोच आहेत तुम्हाला? परका शब्द मराठीत पुरता मुरला की त्याला आदराचं सामान्यरूप मिळतं. ‘सर’ला ते मिळालं, ‘कोच’ला अजून नाही.

मग एखादा माणूस मोसमाच्या सुरुवातीला ‘कोच’ असतो आणि दिवाळीपर्यंत ‘सर’ होतो, तो कशामुळे? मुलांच्या बोलण्यात याची कारणं सापडतात. सर सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर असतात. संघातून काढायचं तर तोंडावर सांगतात आणि का ते सांगतात. सामना हरल्यावर कुणा एकाचं नाव घेत नाहीत. दिव्याच्या मुलाला आणखी एक कारण ठाऊक असतं: सरांना लोकलचं वेळापत्रक कळतं. संध्याकाळच्या गर्दीत दिव्याला उतरणं हा वेगळाच सामना आहे, हे ओळखून सराव वेळेवर संपवणारा माणूस या मुलांच्या तोंडी फार लवकर ‘सर’ होतो.

मराठीत याच कामासाठी आणखी जुना आणि माझ्या मते सगळ्यांत भारदस्त शब्द आहे: वस्ताद. मूळ फारसी ‘उस्ताद’. गाण्याने तो जसाच्या तसा ठेवला, तालमीने त्याला ‘व’ लावून मातीत उतरवला. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे तरुण जोतीराव फुल्यांनी मर्दानी खेळांचे धडे घेतले. पुण्याच्या एका तालमीचं नावच ‘गोकुळ वस्ताद तालीम’ आहे. माणूस गेला तरी त्याचा मान पत्त्यात राहतो. या शब्दात हुद्दा, हाक आणि उपाधी तिन्ही एकवटलेत. ‘वस्ताद’ म्हणून हाक मारता येते, आडनावापुढे लावून ‘आंदळकर वस्ताद’ म्हणता येतं आणि ‘वस्तादांनी सांगितलं’ हे व्याकरणातही सहज बसतं. शिष्याची ओळखही गुरूच्या नावावरूनच निघते: ‘कुणाचा पठ्ठा?’ असं विचारलं जातं आणि उत्तरात वस्तादांचं नाव येतं. रोजच्या बोलण्यात ‘वस्ताद’ला बेरकी असाही अर्थ आलाय. मला तो अधःपात वाटत नाही. सगळे डाव शिकवून एखादा राखून ठेवणाऱ्याबद्दलचा धाक त्यात आहे.

‘तालीम’ हा अरबी शब्द, ज्ञानाच्या धातूतून आलेला, अर्थ शिक्षण. मराठीत तो कुस्तीच्या जागेला मिळाला आणि नाटकाच्या सरावालाही. संगीत रंगभूमीवर दिग्दर्शकाला ‘तालीम मास्तर’ म्हणत. आणि फुटबॉलशी त्याची गाठ पडते ती कोल्हापुरात. शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. पेठेतल्या ज्या तालमीत लाल माती होती, तिनेच फुटबॉलचा संघ उभा केला. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. संघाच्या नावातच शिक्षण असलेलं दुसरं फुटबॉलचं गाव मी तरी ऐकलेलं नाही. तालीम आली, पण तिच्याबरोबर वस्ताद फुटबॉलमध्ये उतरला नाही, याची मला मनापासून खंत आहे.

हैदराबादने स्वतःचा शब्द शोधला. १९५१ आणि १९६२च्या आशियाई स्पर्धांत भारताला फुटबॉलचं सुवर्ण मिळवून देणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते, आणि फुटबॉलमध्ये ते रहीमसाहेब. ‘साहेब’चा हुकमी अर्थ आपल्याला पक्का माहीत असतो, पण अरबीत त्याचा पहिला अर्थ सोबती. रहीमसाहेबांच्या बाबतीत मला दोन्ही अर्थ खरे वाटतात.

आता कॉलेजच्या कोचकडे परत येऊ. ओळख आणि मान या दोन गोष्टी त्याला निरनिराळ्या दारांतून मिळतात. ‘ओळख’च्या पोटात ‘लक्ष्’ आहे: पाहणं, खुणेवरून जाणणं. ही ओळख कागदावर मिळते, प्रशिक्षकाच्या पदविकेतून किंवा परवान्यातून. ‘एनआयएस केलंय’, ‘सरांचं सी लायसन्स झालं’ असं ग्राउंडवर अभिमानाने सांगितलं जातं. फार पुढे गेलेल्या थोड्यांना द्रोणाचार्य मिळतो, जसा मुंबईत एअर इंडियाचा संघ घडवणाऱ्या बिमल घोष यांना २०२२चा आणि गोव्याच्या धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणाऱ्या आर्मांदो कुलासो यांना २०२४चा मिळाला. ‘मान’ ‘मन्’ धातूचा, म्हणजे मनात होणारी गोष्ट. म्हणून आपण ‘पोरं त्यांना मानतात’ असं म्हणतो, आणि ते मानणं कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिता येत नाही.

बऱ्याच कॉलेजांत फुटबॉलचा कोच कायम नोकरीत नसतो. जिमखान्याकडून त्याला मोसमापुरतं बोलावणं येतं आणि मोबदला मिळतो त्याला म्हणतात ‘मानधन’. आज या शब्दाचा अर्थ पगाराहून कमी, उशिरा मिळणारी रक्कम असा झालाय. संस्कृतात तो रकमेचा शब्दच नव्हता. मान हेच ज्याचं धन आहे असा माणूस, तो मानधन. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त पहिल्याच सर्गात हेर बनून गेलेला वनेचर युधिष्ठिराला दुर्योधनाच्या योद्ध्यांची माहिती देतो. ते प्राण द्यायला तयार का आहेत हे सांगताना तो त्यांना ‘मानधन’ म्हणतो, आणि लगेच पुढचं विशेषण लावतो ‘धनार्चित’: राजाने धन देऊन ज्यांचा सत्कार केला आहे असे. पहिला शब्द आपण घेतला. जिमखान्याचं अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी त्याच्या शेजारचा दुसराही घ्यावा, ही माझी मागणी आहे.