बेटांची मुंबई आणि मधले पाणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, विणकाम आणि प्रवासवर्णने नेहमी येतात. यंदा एखादा लेख इतिहासाचाही असावा, असे चिटणीसबाईंनी सुचविले. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या थोरल्या वन्संचे बिऱ्हाड मुंबईस कुलाब्याला, समुद्राच्या अगदी काठी, चौथ्या मजल्यावर आहे. गेल्या थंडीत आठ दिवस मी त्यांच्याकडे राहिले. खिडकीशी उभे राहिले की बंदरातील जहाजे, ये-जा करणाऱ्या लाँची आणि पलीकडे घारापुरीचे डोंगर दिसतात. त्या पाण्याची जी हकीकत तेथे ऐकली व घरी आल्यावर पुस्तकांतून वाचली, ती भगिनींना सांगते.

मुंबई मुळात सात बेटांची, हे आपण शाळेत शिकलो आहोत. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात बेटे. म्हणजे ज्या खिडकीतून मी बेट पाहत होते, ती खिडकीही बेटावरच होती! सन १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, त्यात मुंबईही गेली. पुढे १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी विवाह ठरला, तेव्हा मुंबई हुंड्यात देण्याचा करार झाला. राजाने १६६८ मध्ये ती वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकली. जिच्या हुंड्यात मुंबई गेली, त्या राजकन्येने ती कधी डोळ्यांनीही पाहिली नाही. आणि येथे पिढ्यान्पिढ्या मासळी विकणाऱ्या कोळणींना तर कोणी विचारलेच नाही.

पुढे दगडमातीची भर घालून बेटे जोडली गेली. कुलाब्याला जाण्यासाठी पूर्वी ओहोटी असली तर चालत, नाही तर होडीने जावे लागे. १८३८ साली तेथे बांध झाला आणि कुलाबा मुंबईला लागला.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटली ती माहीमची गोष्ट. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि वांद्र्याकडील मुलूख म्हणजे साष्टी बेट. पावसाळ्यात खाडीला ओढ असे, होड्या उलटत, माणसे बुडत. लोक सरकारकडे रस्ता मागत होते, पण खर्च कोणी करावा यावर सारे अडले होते. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतः पैसा दिला. एक लाख सत्तावन्न हजार रुपये! त्या काळचे हे रुपये, हे लक्षात घ्यावे. सरकारने या रस्त्यावर कोणाकडूनही जकात घेऊ नये, एवढीच त्यांची अट होती. १८४५ साली हा रस्ता खुला झाला. माहीम-दादरकडील लेडी जमशेटजी मार्ग तो यांच्याच नावाचा. त्या रस्त्याने रोज कितीतरी बायका भाजीच्या पिशव्या घेऊन जातात. हे नाव कोणाचे, हे त्यांतील किती जणींना ठाऊक असेल?

आवाबाईंच्या रस्त्याने एक खाडी निर्धोक झाली. पूर्वेकडील बंदराचे पाणी मात्र होड्या-बोटींनीच ओलांडावे लागे. तिकडे १८४१ च्या सुमारास लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या गृहस्थांनी उतारूंसाठी धक्का बांधला. त्यांना लोक भाऊ म्हणत, म्हणून तो भाऊचा धक्का. कोकणातल्या माणसाला हे नाव आपल्या आजोळाइतके जवळचे आहे. पण याच नावाबरोबर एक काळा दिवसही आठवतो. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ नावाची बोट येथून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येचे दिवस; माणसे सणासाठी घरी चालली होती. वादळी वाऱ्यापावसात काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवरून संदेश धाडण्याची सोय नव्हती, त्यामुळे मुंबईस बातमी कळण्यास कित्येक तास गेले. रेवसकडून मुंबईला मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांनी होड्यांतील मासळी समुद्रात टाकून बुडणाऱ्यांना वर घेतले, असे सांगतात. पुढे महिन्याच्या आतच स्वातंत्र्याचा दिवस आला. देशभर दिवाळी होती, पण अलिबागेकडील कित्येक घरांत दिवा लावण्याचे बळ कोणाला होते?

आता घारापुरी. गेटवेहून लाँचने साधारण एक तास लागतो. ही गेटवेची कमान १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज येथे उतरले त्याच्या स्मरणार्थ उभारली आणि १९२४ मध्ये खुली झाली. त्याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्यांची शेवटची पलटण निघून गेली. वन्सं म्हणाल्या, “स्वागताला बांधली आणि पाठवणीला कामी आली!”

धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. लेणी सहाव्या शतकातील असावीत असे बहुतेक विद्वान मानतात. त्रिमूर्ती सर्वांनी चित्रात पाहिलेली असते. पण सुमारे १८ फूट उंचीचे ते तीन मुखांचे शिल्प अंधारातून हळूहळू उजळत समोर येते, तेव्हा बोलणे आपोआप थांबते. मी मात्र अधिक वेळ उभी राहिले ती शिवपार्वतीच्या लग्नापाशी. पार्वती शंकराच्या उजव्या हाताला उभी आहे. लग्न लागेपर्यंत वधू उजवीकडे आणि मग डावीकडे, ही आपल्या घरची रीत त्या कारागिरांनी पाषाणात जपली आहे. नवरीची खाली झुकलेली मान पाहून तर आपल्याच घरातील मुलगी उभी आहे असे वाटते. ही लेणी कोणी खोदविली हे नक्की सांगता येत नाही, कारण येथील शिलालेख पोर्तुगिजांनी काढून नेला आणि तो हरवला. त्यांनी बेटाला नाव दिले ते धक्क्याजवळच्या दगडी हत्तीवरून, एलिफंटा. तो हत्तीही पुढे भंगला. तो सांधून आता भायखळ्यास राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा केला आहे. बेटाचे आपले नाव मात्र घारापुरीच राहिले.

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. पायऱ्यांवर काकडी आणि ताक विकणाऱ्या एका बाईंशी मी बोलले. वीज कधी आली, असे विचारता त्या म्हणाल्या, “अठरा साली, ताई. त्याच्या आधी जनरेटर, तोबी संध्याकाळचे तीन-चार तास. समोर मुंबई रातभर झगमगायची आन आमी कंदील मालवून झोपायचो.” समुद्राच्या तळातून सात-साडेसात किलोमीटरची तार टाकून फेब्रुवारी २०१८ मध्ये ही वीज आली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! १९८७ साली लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा त्यांची राखण करणाऱ्या गावांत धड उजेड नव्हता. त्या रात्री वन्संच्या खिडकीतून मी पलीकडे पाहिले, ते लेण्यांसाठी नव्हे. त्या बाईंच्या घरातील दिव्यासाठी.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावा शेवाकडे जाणारा जवळजवळ बावीस किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. तरी लाँच सुटलेली नाही आणि पाण्याचे भयही सुटलेले नाही. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीस निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळून १५ जणांचा अंत झाला. त्यानंतर उतारूंना तरंगण्याचे जाकीट सक्तीचे झाले. आम्हांसही चढताना ते दिले. साडीवरून जाकीट घालायला वन्संना अवघड वाटत होते, पण मी त्यांचे बंद स्वतः बांधले. कारण या पाण्यावरचा प्रत्येक नियम आधी कोणीतरी बुडाल्यावर झालेला आहे. अपवाद थोडे, आवाबाईंसारखे कोणी तरी वेळीच हात सैल सोडला तेथेच.

आपल्या मंडळाची सहल तिकडे निघाली, तर दोन गोष्टी अवश्य कराव्यात. जाकीट मिळाल्याशिवाय लाँच सुटू देऊ नये, आणि येताना घारापुरीच्या बायकांकडून काही तरी विकत घ्यावे. त्यांच्याशी चार शब्द बोलावे. लेण्यांचा इतिहास पाटीवर लिहिलेला आहे, त्यांचा नाही.