पाखरांसाठी विकत घेतलेली दलदल

इंग्लंडच्या पूर्वेस, नॉर्फोक परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर, ग्लॅव्हन नदीच्या मुखाशी क्लाय नावाचे एक चिमुकले गाव आहे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये आज पाणथळ कुरणे, देवनळांची दाट बेटे आणि त्यांपलीकडे गोट्यांचा लांबच लांब बंधारा दिसतो; परंतु मध्ययुगात येथे गजबजलेले बंदर होते आणि त्याचा ऱ्हास बव्हंशी मनुष्याच्याच हातून झाला. सतराव्या शतकात कॅलथॉर्प घराण्याने खाऱ्या दलदलीला बांध घालून ती कसण्याजोगी करण्याचा उद्योग आरंभिला, व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध राजदरबारी फिर्याद नेली, बांध मोडण्याचा हुकूमही सुटला. तथापि पुढील जमीनदारांनी तोच क्रम चालू ठेवला, आणि भरतीचा जोर ओसरून नदीचे पात्र गाळाने भरले. ज्या बांधांनी बंदर बुडविले, त्यांच्याच आडोशाला गोड्या पाण्याची दलदल तयार झाली आणि तीत पाखरे उतरू लागली.

पाखरांमागोमाग बंदुका आल्या. एकोणिसाव्या शतकात दुर्मीळ पक्षी टिपून, पेंढा भरून संग्रही ठेवणे हा सभ्य गृहस्थांचा छंद होता, आणि क्लाय त्यासाठी प्रसिद्ध होते. पक्षिरक्षणाचे कायदे पुढे झाले खरे. पण कायदा पाखराला वाचवितो, त्याचे घरटे ज्या जमिनीवर असते तिच्या मालकीला हात लावीत नाही. ही उणीव नॉर्विच येथील डॉक्टर सिडनी लाँग यांनी अचूक हेरली, हे मला त्यांचे खरे मोठेपण वाटते. 1926 साली ही दलदल विक्रीस निघाली, तेव्हा त्यांनी चारशेहून अधिक एकर जमीन 5,160 पौंडांना घेतली आणि ती निरंतर पक्ष्यांसाठी राखावयाची असे ठरवून त्याच वर्षी नॉर्फोक नॅचरलिस्ट्स ट्रस्ट हा विश्वस्त संघ स्थापिला. एकेका परगण्याने आपली निसर्गभूमी स्वतः खरेदी करून सांभाळण्याची जी प्रथा ब्रिटनमध्ये रूढ आहे, तिचे मूळ येथे आहे.

मात्र खरेदीखत झाले म्हणजे काम संपत नाही. देवनळ न कापल्यास वाळलेल्या पानांचा थर वर्षानुवर्षे साचून जमीन उंचावते, कोरडी पडते आणि तीत झुडपे माजतात. म्हणून हिवाळ्यात, दांडे पिवळे पडल्यावर, एकेक पट्टा आळीपाळीने कापावा लागतो, आणि त्या पेंढ्यांनी घरे शाकारली जातात. पाण्याची दारे केव्हा उघडावी, केव्हा लावावी, याचा निर्णय तर बारमाही. ही राखण बिशप घराण्याच्या तीन पिढ्यांनी केली. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्राने बंधारा फोडला आणि खारे पाणी आत घुसले, तरी हे काम सुटले नाही. 1937 साली येथे बिटर्न पक्ष्याने घरटे केले होते. 1977 साली वर वळलेल्या चोचीचा उचाट्याही विणीला आला.

यॉर्कशायरने असाच संघ काढला तो 1946 साली, लिंकनशायरने 1948 साली. मग परगण्यामागून परगणे या वाटेने गेले. क्लायची दलदल आणि शेजारच्या सॉल्टहाउसची पाणथळ यांच्यामध्ये एक तुकडा खाजगी मालकीचा उरला होता. तोही नॉर्फोकच्या संघाने अलीकडे, 2012 साली, लोकवर्गणी जमवून विकत घेतला.