पंप, बाटली आणि कॉफीचा कप



मुलाला दमा आहे म्हटलं की भारतातून फोनवर पहिलं वाक्य येतं, "पंप नका देऊ हो, सवय लागते. त्यापेक्षा सिरप बरं." इतिहास बघितला तर ही भीती अगदीच निराधार नव्हती, पण आता जुनी झाली आहे.

१९५५ साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांना त्यांच्या १३ वर्षांच्या मुलीने विचारलं, की माझं दम्याचं औषध केसांच्या स्प्रेसारखं का नाही मिळत? १९५६ मध्ये मोजून डोस देणारा पहिला पंप बाजारात आला.

१९६० च्या दशकात मात्र ब्रिटनमध्ये दम्याने तरुणांचे मृत्यू एकदम वाढले. संशय आला तो आयसोप्रेनलिनच्या जास्त ताकदीच्या पंपांवर. हे औषध हृदयालाही उत्तेजित करायचं. मग १९६९ मध्ये, मुख्यतः श्वासनलिकांवर काम करणारं साल्ब्युटामॉल, म्हणजे व्हेंटोलिन, आलं. ते शोधलं लंडनच्या उत्तरेला वेअर गावात, डेव्हिड जॅक यांच्या टीमने. कंपनी ग्लॅक्सोची. तिच्याच वारसदार जीएसकेचं मुख्यालय २००२ ते २०२४ आपल्या हाउन्सलो बरोतल्या ब्रेन्टफर्डमध्ये होतं!

औषध सुधारलं, पण पोचवायचं कसं? पंप दाबायचा आणि त्याच क्षणी श्वास घ्यायचा, हे तीन वर्षांच्या पोराला जमणार कसं? अर्धं औषध घशातच. १९८३ साली नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी साधा कॉफीचा कप घेतला, तळाला पंप बसवला आणि कप मुलाच्या नाकातोंडावर धरला. झाला स्पेसर! १९९९ मध्ये केपटाउनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की ५०० मिलीच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पंप नीट चिकटवला तर ती विकतच्या स्पेसरइतकीच चालते.

आता सिरपचा हिशोब. ५ मिलीच्या एका चमच्यात साल्ब्युटामॉल २ मिलिग्रॅम, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे विसावा भाग, तोही थेट फुप्फुसात. सिरप मात्र पोटातून सगळ्या अंगभर फिरून येतं, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. आणि निळा पंप वारंवार लागत असेल तर ती सवय नव्हे, दमा आटोक्यात नसल्याची खूण आहे. डॉक्टरांना लगेच सांगा.

पुढच्या वेळी आजीचा फोन आला की हा विसाव्या भागाचा हिशोब जरूर सांगा. पटेल तिला.