मिकवे : ज्यूंच्या शुद्धिस्नानाची कुळकथा

मिकवे म्हणजे ज्यू धर्मातील शुद्धिस्नानाचा हौद. अंगाच्या स्वच्छतेशी या स्नानाचा संबंध नाही. साबण लावून नीट आंघोळ झाल्यावरच त्यात उतरायचे असते. बायबलमधील ‘लेवीय’ या पुस्तकात ऋतुस्राव, वीर्यस्राव, चर्मरोग इत्यादींच्या विटाळाचे व शुद्धीचे नियम आहेत. हौदाचे शास्त्र मात्र इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेतील ‘मिकवाओत’ या प्रकरणात सविस्तर येते.

त्यानुसार पाणी पावसाचे, झऱ्याचे किंवा भूजलाचे हवे. भांड्याने शेंदून भरलेले चालत नाही. ते किमान 40 सेआ असावे. या मापाबद्दल मतभेद असले तरी आजच्या हिशेबाने ते काही शे लिटर भरते. शहरात यावर तोडगा असा, की छपरावरचे पावसाचे पाणी एका टाक्यात साठवतात, शेजारच्या हौदात नळाचे गरम पाणी सोडतात आणि मधल्या भिंतीतील छिद्रातून दोन्ही पाण्यांचा स्पर्श घडवतात. तेवढ्याने नळाचे पाणीही शास्त्रशुद्ध ठरते.

जेरुसलेमचे मंदिर उभे असताना तेथे जाणाऱ्याला शुद्ध असणे आवश्यक होते, म्हणून त्या काळातील असे हौद जेरुसलेमच्या उत्खननात मोठ्या संख्येने सापडले आहेत. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि शुद्धीचे बहुतेक नियम व्यवहारातून गेले. मुख्यतः दोन बंधने उरली : पाळीनंतर पतीजवळ जाण्यापूर्वी विवाहित स्त्रीने आणि धर्मप्रवेशाच्या वेळी नवागताने बुडी घेणे. काही पुरुष योम किप्पूरसारख्या सणाआधी स्नान करतात, पण तो रिवाज आहे. जर्मनीतील श्पायर आणि वर्म्स येथे भूजलापर्यंत पायऱ्यांनी उतरत जाणारे बाराव्या शतकातील मिकवे आजही पाहता येतात.

आधुनिक काळात अनेक सुधारणावादी ज्यूंनी ही प्रथा सोडली. 1970 च्या दशकापासून स्त्रीवादी ज्यूंमध्ये तिच्यावर वाद सुरू झाला. त्यांच्यापैकी रेचल अॅडलर यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी या नियमांचे समर्थन करणारा निबंध लिहिला आणि 1993 मध्ये स्वतःच तो मागे घेतला. स्त्रीच्या शरीराचा विटाळ मानणारी चौकट नाकारायची, पण पाण्याचा विधी ठेवायचा, अशी वाट काहींनी काढली.

या विचाराला संस्थेचे रूप मिळाले ते अमेरिकेत. लेखिका अनिता डायमंट यांच्या पुढाकाराने 2004 मध्ये बॉस्टनजवळच्या न्यूटन येथे ‘मायीम हायीम’ हे केंद्र सुरू झाले. येथे हौदांसोबत शिक्षणवर्ग आणि कलादालनही आहे. गर्भपात, घटस्फोट, लैंगिक अत्याचारातून सावरणे, केमोथेरपीची अखेर, सुतकाचे वर्ष संपणे, लिंगपरिवर्तन, निवृत्ती अशा प्रसंगी लोक येथे बुडी घेतात. इस्रायलमध्ये गॅलिलीतील हन्नातोन येथे हवीवा नेर-डेव्हिड यांनी अशाच सर्वांसाठी खुल्या मिकवेची उभारणी केली.

प्रसंग नवे असले तरी कृती जुनीच राहिली. अंगठी, नेलपॉलिश, कॉन्टॅक्ट लेन्स काढायच्या, केस विंचरायचे. पाणी आणि अंग यांच्यामध्ये काहीही राहता कामा नये. एक केस जरी वर तरंगला तरी बुडी मोजली जात नाही. स्नान करणारा पाण्यात उतरेपर्यंत सोबतची व्यक्ती न पाहता चादर धरून उभी राहते, आणि मग बुडी पूर्ण झाल्याचे पाहून ‘कोशेर’ म्हणजे ‘विधिसंमत’ असे सांगते. सहसा तीन बुड्या घेतात. पारंपरिक आशीर्वचनात ईश्वराच्या आज्ञेचा उल्लेख असतो. ऐच्छिक स्नानाला अशी आज्ञा नाही. त्यामुळे प्रसंगानुसार नव्या प्रार्थना रचल्या गेल्या आहेत.

सनातनी ज्यूंमध्ये पाळीनंतरचे स्नान हाच मिकवेचा मुख्य उपयोग राहिला आहे. नव्या केंद्रांतही हे स्नान औषधोपचाराची जागा घेत नाही. आजार, वियोग किंवा आघात यांतून बाहेर पडल्याची धर्माच्या चौकटीत नोंद करणे, एवढेच त्याचे काम आहे.