श्वासाची पाळी : कोपनहेगन, १९५२

१/
१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची भीषण साथ आली. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात साथीच्या ऐन भरात एकेका दिवशी पन्नासपर्यंत रुग्ण दाखल होत. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनाचा पक्षाघात झालेल्या ३१ रुग्णांवर यंत्राने उपचार झाले. त्यांपैकी २७ दगावले. श्वसन म्हणजे नेमके काय, याविषयीची वैद्यकाची समजूत या साथीने बदलली. ती कशी, हे या धाग्यात पाहू.

२/
प्रथम शरीररचना. फुफ्फुसांना स्वतःहून फुगण्याचे बळ नसते. छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटल हा घुमटाकार स्नायू आकुंचन पावून खाली सरकतो, बरगड्यांमधील स्नायू बरगड्या वर उचलतात, छातीची पोकळी वाढते आणि आतला दाब उतरतो. मग बाहेरची हवा श्वासनलिकेतून आत शिरून कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोहोचते. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड रक्तातून बाहेर पडतो.

३/
पोलिओचा विषाणू स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी नष्ट करतो. फुफ्फुसे शाबूत असतात, पण छाती हलवणारे स्नायू निपचित पडतात. यावर उपाय म्हणून १९२८ मध्ये अमेरिकेत फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांचे ‘लोखंडी फुफ्फुस’ वापरात आले. रुग्णाला गळ्यापर्यंत एका बंद पेटीत ठेवायचे आणि पेटीतील दाब कमी-अधिक करायचा, म्हणजे छाती वर-खाली होते.

४/
ब्लेगडॅममध्ये अशी पेटी एकच होती. शिवाय छातीवर कवचासारखी बसणारी सहा यंत्रे होती. त्यातही अनेक रुग्णांचा घसा लुळा पडलेला होता. गिळता न आल्याने लाळ आणि स्राव श्वासमार्गात उतरत. यंत्र छाती हलवी, पण हवेची वाटच तुंबलेली असे.

५/
मृत्यूपूर्वी या रुग्णांना दरदरून घाम येई, रक्तदाब वाढे, शुद्ध हरपे. रक्ततपासणीत बायकार्बोनेटचे प्रमाण बरेच वाढलेले दिसे. डॉक्टरांनी त्याचा अर्थ असा लावला, की रक्त अल्कधर्मी झाले आहे आणि विषाणू मेंदूपर्यंत पोहोचला आहे. ऑक्सिजन दिल्यामुळे त्वचा निळी पडत नसे. त्यामुळे श्वास पुरेसा आहे, असे वाटे.

६/
२५ ऑगस्ट रोजी रुग्णालयाचे प्रमुख हेन्री लासेन यांच्या बैठकीस भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावण्यात आले. शस्त्रक्रियेत ज्यांचे स्नायू औषधाने शिथिल केले आहेत, अशा रुग्णांचा श्वास हाताने चालवणे हे त्यांच्या नित्य परिचयाचे होते. त्यांनी तेच आकडे निराळ्या रीतीने वाचले. हा कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम आहे, असे त्यांचे मत पडले. ऑक्सिजन आत पोहोचत होता, पण टाकाऊ वायू बाहेर पडत नव्हता. तो रक्तात साचला की आम्लता वाढते. म्हणजे रक्ताची अवस्था डॉक्टरांच्या समजुतीच्या अगदी उलट होती.

७/
२७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर प्रयोग झाला. ती मरणाच्या दारात होती. गळ्यापाशी श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली, पण श्वासमार्ग असे आवळले गेले की हवा आत जाईना. इब्सेन यांनी झोपेचे औषध देऊन तिची धडपड थांबवली. मग रबरी पिशवी हाताने दाबताच फुफ्फुसे भरू लागली. कार्बन डायऑक्साइड उतरला. पुन्हा कवचयंत्र लावले, तो चढला. पुन्हा पिशवी हाती घेतली, तो उतरला. ती मुलगी साथीतून वाचली. पुढे पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताची आम्लता प्रत्यक्ष मोजली आणि इब्सेन यांचे निदान खरे ठरले.

८/
आता प्रश्न उरला हातांचा. वैद्यक आणि दंतवैद्यकाचे सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशेजारी बसले. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्णांचा श्वास हाताने चालू होता. एकूण तास भरले सुमारे १,६५,०००. रुग्ण अनेकदा शुद्धीवर असे, पण त्याला बोलता येत नसे, कारण हवा स्वरयंत्राच्या खालूनच ये-जा करी. विशी-पंचविशीतले विद्यार्थी त्याच्या डोळ्यांकडे पाहत पिशवी दाबत राहत. काहींच्या हाताखालीच रुग्णाने प्राण सोडला, तरी पुढच्या पाळीला माणूस हजर असे.

९/
मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत निम्म्याहून खाली आले. १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्या नगर रुग्णालयात गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. जगातील पहिल्या अतिदक्षता विभागांत त्याची गणना होते. हातांची जागा हळूहळू व्हेंटिलेटरने घेतली, आणि १९५५ मध्ये जोनास साल्क यांची पोलिओ लस आली.

१०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. श्वासनलिकेचा छेद जुना होता, रबरी पिशवी शस्त्रक्रियागृहात रोजचीच होती, रक्ताचे आकडेही इब्सेन येण्यापूर्वी नोंदींत होते. पुरावा समोर असूनही त्याचा अर्थ चुकत होता, आणि त्या चुकीची किंमत रुग्ण मोजत होते. साधनांचे वाचन बदलले की इतिहास बदलतो, असे आपण म्हणतो. कोपनहेगनमध्ये त्या बदलाने माणसे जगली.